शेवटच्या कडीची साक्ष

संगणक हा आता शाळेतील नवलाईचा पाहुणा राहिलेला नाही. आमच्या सुरतेत तर कापडाच्या पेढीपासून हिऱ्याच्या कारखान्यापर्यंत त्याच्यावाचून कोणाचे पान हलत नाही, आणि आठवी-नववीतील मुलगाही चार आज्ञा लिहून यंत्राकडून काम करवून घेऊ शकतो. ही गोष्ट आनंदाचीच आहे. परंतु काम करवून घेणे ही एक विद्या, आणि ते काम खरोखर झाले की नाही हे ताडून पाहणे ही दुसरी. पहिली विद्या आपण मोठ्या उत्साहाने शिकवितो. दुसरीकडे शिक्षकांचे व विद्यार्थ्यांचे सारखेच दुर्लक्ष होते, असे आम्हांस वाटते. या दुर्लक्षाचे एक अगदी लहान, पण फार बोधक उदाहरण घेऊन त्याविषयीचे आमचे मत वाचकांपुढे ठेवण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. यंत्रशास्त्रातील अधिकाराचा दावा आम्ही करीत नाही. तथापि ज्या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे तो यंत्राचा तितका नाही, जितका साक्षीचा आहे. कोणाची साक्ष ग्राह्य मानावी, ती कोणत्या गोष्टीपुरती मानावी, आणि साक्षीदाराने जे पाहिलेच नाही त्याविषयी त्याच्या मौनाचा अर्थ काय लावावा, हे प्रश्न इतिहास व भाषा शिकविणाऱ्यास नित्याचेच असतात.

प्रथम विषयाची ओळख करून देणे अवश्य आहे. संगणकाशी बोलण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे पडद्यावरील चित्रांवर बोट किंवा बाण ठेवणे; दुसरा म्हणजे शब्दांत आज्ञा लिहिणे. या लेखी आज्ञा वाचून त्या यंत्राकडून करवून घेणाऱ्या कार्यक्रमास ‘शेल’ म्हणतात, आणि अशा अनेक आज्ञा क्रमाने लिहून ठेवलेल्या फाइलीस ‘शेल स्क्रिप्ट’ म्हणतात. आपण तिला आज्ञापत्रिका म्हणू. यातील प्रत्येक आज्ञा एकच लहानसे काम करते. ‘कॅट’ फाइली एकापुढे एक वाचून दाखविते, ‘सॉर्ट’ ओळींचा क्रम लावते, ‘ग्रेप’ हवा तो शब्द असलेल्या ओळी निवडते, ‘हेड’ पहिल्या काही ओळी तेवढ्या ठेवते. मोठे काम करावयाचे तर या आज्ञा एकमेकींना जोडाव्या लागतात. एकीने जे बाहेर टाकले तेच दुसरीने आत घ्यावयाचे, दुसरीने टाकलेले तिसरीने. या जोडणीला ‘पाइप’, म्हणजे नळी म्हणतात, आणि दोन आज्ञांच्या मध्ये एक उभी रेघ काढली की ही नळी बसते.

ही कल्पना अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील डग्लस मॅकिलरॉय यांची. बागेला पाणी घालण्याच्या रबरी नळीला जसा दुसरा तुकडा जोडता येतो, तसे कार्यक्रमही एकमेकांस जोडता आले पाहिजेत, असे त्यांनी १९६४ साली एका टिपणात सुचविले होते. ती कल्पना प्रत्यक्षात यावयास १९७३ साल उजाडले. त्या वर्षी केन टॉम्पसन यांनी ‘युनिक्स’ या प्रणालीत नळीची सोय केली, आणि पाहता पाहता लहान लहान आज्ञांच्या साखळ्या करून मोठी कामे उरकण्याची एक नवी रीतच रूढ झाली. आज पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला तरी ही रीत जुनी झालेली नाही. लिनक्सवर चालणारे लक्षावधी संगणक, बँकांचे हिशेब, रेल्वेची आरक्षणे, रुग्णालयांच्या नोंदी यांच्या मागे कोठे ना कोठे अशा साखळ्या रात्रंदिवस काम करीत असतात.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. प्रत्येक आज्ञा संपताना मागे एक अंक ठेवून जाते. शून्य म्हणजे काम सुखरूप पार पडले. एकपासून दोनशे पंचावन्नपर्यंत दुसरा कोणताही अंक म्हणजे काहीतरी निराळे घडले. १२७ म्हणजे ज्या नावाची आज्ञा दिली ती सापडलीच नाही, १२६ म्हणजे सापडली पण चालविता येत नाही, अशा काही अंकांचे अर्थही ठरून गेले आहेत. व्यवस्था चांगली आहे. पण साखळीचे काय? चार आज्ञांची साखळी असेल तर अंकही चार निघतात. मग सबंध साखळीचा अंक कोणता मानावयाचा? शेलचा मूळचा नियम असा की, शेवटच्या आज्ञेचा जो अंक तोच साखळीचा अंक. आधीच्या तिघींचे काय झाले याची विचारपूस केली जात नाही.

या नियमाचा परिणाम एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका शाळेत दहावीच्या अ, ब, क आणि ड अशा चार तुकड्या आहेत. प्रत्येक वर्गशिक्षकाने आपल्या तुकडीचे गुण एकेका फाइलीत भरून ठेवले आहेत. शिष्यवृत्तीसाठी पहिल्या दहा विद्यार्थ्यांची यादी हवी आहे. संगणक जाणणाऱ्या एका हौशी शिक्षकाने साखळी रचली: ‘कॅट’ने चारही फाइली वाचाव्यात, ‘सॉर्ट’ने गुणांप्रमाणे उतरता क्रम लावावा, आणि ‘हेड’ने वरची दहा नावे काढून ती नव्या फाइलीत ठेवावीत. आज्ञापत्रिका तयार झाली व रोज रात्री आपोआप चालावी अशी तजवीजही झाली. पुढे एके दिवशी ‘क’ तुकडीच्या फाइलीचे नाव कोणी बदलले. त्या रात्री ‘कॅट’ला तीनच फाइली सापडल्या. चौथी नाही अशी तक्रार तिने केली, आपला अंक एक असा ठेवला, आणि तीन तुकड्यांचे गुण पुढे ढकलले. ‘सॉर्ट’ने मिळालेल्या ओळींचा क्रम बिनचूक लावला, तिचा अंक शून्य. ‘हेड’ने दहा नावे काढली, तिचाही अंक शून्य. साखळीचा अंक शून्य! यादी तयार आहे, नावे नेमकी दहा आहेत, क्रम शुद्ध आहे, सर्व कसे नीटनेटके आहे. फक्त एका सबंध तुकडीचा त्यात पत्ता नाही.

यादी कोरी निघाली असती तर कोणाच्याही लक्षात आले असते. ती अर्धवट असूनही पूर्ण दिसते, हाच खरा धोका आहे. ‘क’ तुकडीतील एखादी हुशार मुलगी, जिचे वडील पांडेसऱ्याच्या गिरणीत रात्रपाळी करतात आणि जिच्या पुढच्या शिक्षणाची सारी भिस्त त्या शिष्यवृत्तीवर आहे, ती बिचारी आपलेच गुण कमी पडले असतील असे समजून गप्प बसेल. तिला तक्रार करण्याचे कारणच कळणार नाही. अन्याय झाला, पण करणारा कोणी नाही. चूक झाली, पण ‘सर्व ठीक’ असा शिक्का तिच्यावर बसलेला आहे. येथे कोणी खोटे बोलले का? मुळीच नाही. ‘हेड’ला विचारा, ती प्रामाणिकपणे सांगेल की, माझ्या हाती जे आले त्यातून मी दहा नावे काढली. तिची साक्ष खरीच आहे. ती साऱ्या साखळीची साक्ष आहे असे आपण मानले, हा दोष आपला.

मग असा नियम मुळात का केला असावा, असे कोणीही विचारील. तो अगदीच अविचाराने केलेला नाही, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. शून्य नसलेला प्रत्येक अंक म्हणजे अपयश असे नसते. ‘ग्रेप’चेच पाहा. शब्द सापडला तर तिचा अंक शून्य, सापडला नाही तर एक, आणि फाइलच उघडता आली नाही तर दोन. गैरहजर मुलांच्या यादीत एखाद्या दिवशी एकही नाव नसणे ही आनंदाची गोष्ट आहे. तरी ‘ग्रेप’ एक हाच अंक देणार. दुसरे असे की, ‘हेड’ने आपल्या दहा ओळी घेऊन नळी बंद केली आणि मागची आज्ञा आणखी हजारो ओळी ओतू पाहत असली, तर प्रणाली तिला इशारा देऊन थांबविते. त्या इशाऱ्याचा क्रमांक तेरा, म्हणून तिच्या नावापुढे १२८ अधिक १३ म्हणजे १४१ हा अंक लागतो. वस्तुतः काहीच बिघडलेले नसते; पुरेसे झाले म्हणून वाढप थांबविले, एवढेच. अशा प्रत्येक प्रसंगी साखळी तोडून बसले तर काम चालावयाचे कसे? हा युक्तिवाद बिनतोड नसला तरी निराधार नाही. परंतु त्यावरून निष्पन्न काय होते? आधीच्या कड्यांचे अंक विचारपूर्वक वाचले पाहिजेत, एवढेच. ते वाचूच नयेत, असे त्यावरून मुळीच ठरत नाही.

ते वाचण्याची साधनेही आज उपलब्ध आहेत. पहिले साधन म्हणजे ‘पाइपफेल’ नावाचा पर्याय. तो आज्ञापत्रिकेच्या आरंभी लावला की, साखळीतील एकही कडी अपयशी झाली तर सबंध साखळीचा अंक शून्य राहत नाही. अपयशी कड्यांपैकी जी सर्वांत शेवटची, तिचा अंक साखळीला मिळतो. ‘बॅश’ या लोकप्रिय शेलमध्ये ही सोय २००४ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून आहे, आणि २०२४ साली ‘पॉझिक्स’ या सर्वमान्य प्रमाणग्रंथातही तिला स्थान मिळाले. म्हणजे नळीचा जन्म १९७३ चा आणि या सोयीला प्रमाणमान्यता २०२४ ची! एक्कावन्न वर्षे लागली. मात्र हा पर्याय आपणहून लावावा लागतो, हे विसरता कामा नये. शिवाय आज्ञापत्रिकेच्या पहिल्या ओळीत ‘बॅश’चे नाव स्पष्ट लिहावे हे उत्तम, कारण डेबियनसारख्या प्रणालींत २०११ पासून नुसते ‘एसएच’ म्हटले की ‘डॅश’ नावाचा दुसरा, आटोपशीर शेल पुढे येतो, आणि त्याच्यात ही सोय कित्येक वर्षे नव्हती.

दुसरे साधन अधिक बारकाईचे आहे. बॅशमध्ये ‘पाइपस्टेटस’ नावाची एक पंगत असते; तिच्यात प्रत्येक कडीचा अंक आपापल्या क्रमाने बसलेला असतो. कोणती कडी चुकली आणि कशी चुकली हे तेथे कळते. ‘ग्रेप’चा एक हा अंक क्षम्य मानून दोनला मात्र थांबावयाचे, असा विवेकही करता येतो. पण ही पंगत क्षणभंगुर आहे. पुढची आज्ञा दिली, मग ती कितीही क्षुल्लक असो, की जुने अंक पुसले जातात. म्हणून साखळी संपताक्षणी ते उतरवून घेतले पाहिजेत. साक्ष ताजी असतानाच नोंदवावी, हा न्यायालयातील नियम येथेही लागू आहे.

पुष्कळ जण तिसऱ्याच एका पर्यायावर विसंबून राहतात. ‘सेट’ या आज्ञेला उणे चिन्हासह ‘ई’ हे अक्षर जोडले की, कोणतीही आज्ञा अपयशी होताच आज्ञापत्रिका तेथेच थांबते. हा पर्याय उपयुक्त आहे. परंतु ‘पाइपफेल’ सोबत नसेल तर तोही साखळीच्या शेवटच्या कडीकडेच पाहतो, आणि ‘जर-तर’च्या अटीत लिहिलेल्या आज्ञांच्या बाबतीत तर मुद्दाम डोळे मिटून घेतो. तेव्हा एवढे एक अक्षर लिहिले म्हणजे आपण निर्धास्त झालो, असे समजणे धोक्याचे आहे.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट सांगावयास हवी. साखळीतील आज्ञा एकीमागून एक चालत नाहीत. त्या सर्व एकाच वेळी चालू असतात. पहिली कडी चुकली हे आपल्याला कळते तोवर शेवटच्या कडीने आपले लेखन सुरूही केलेले असते. किंबहुना, निकाल ज्या फाइलीत ठेवावयाचा ती जुनी फाइल तर आरंभीच कोरी केली जाते. म्हणजे ‘पाइपफेल’ चुकीची बातमी देतो; चूक थांबवीत नाही. यावर तोड सोपी आहे. निकाल आधी एखाद्या तात्पुरत्या नावाच्या फाइलीत लिहावा, साखळीचे अंक तपासावेत, ओळी मोजून पाहाव्यात, आणि सर्व ठीक असेल तरच ती फाइल खऱ्या नावाने ठेवावी. नवे भांडे घासून पुसून पारखून घेतल्याशिवाय जुने भांडे मोडीत काढू नये, ही आपल्या घराघरांतील रीतच आहे.

राहिली तक्रारीची वाट. आज्ञेला दोन तोंडे असतात. एका तोंडाने ती काम बाहेर टाकते आणि दुसऱ्याने तक्रार सांगते. ही दोन तोंडे पूर्वी वेगळी नव्हती. १९७० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत अक्षरजुळणीचे एक प्रकाशयंत्र आले. मजकूर त्याच्याकडे पाठवावा आणि त्याने सुबक टाइपात कागदावर उतरवून द्यावा, अशी योजना होती. पण एखादी फाइल उघडता आली नाही की ‘फाइल उघडता येत नाही’ ही तक्रारच नळीतून पुढे जाई आणि यंत्र तीच मोठ्या सुंदर अक्षरांत छापून काढी! त्या अनुभवानंतर तक्रारीसाठी वेगळी वाट करण्यात आली. आमच्या अंकाच्या संपादक मंडळाने हा प्रसंग ध्यानात ठेवावा, असे आम्ही विनोदाने सुचवितो. पण वाट वेगळी झाली म्हणून तक्रार ऐकली जातेच असे नाही. रात्री आपोआप चालणाऱ्या कामापुढे कोणी बसलेले नसते. म्हणून ती वाट एखाद्या नोंदवहीसारख्या फाइलीकडे वळवावी आणि सकाळी ती उघडून वाचावी. न वाचलेली नोंदवही आणि न ठेवलेली नोंदवही यांत फारसा फरक नाही.

हे सर्व बारीकसारीक वाटेल. पण बारीक गोष्टीचे फळ केवढे मोठे असते याचे उदाहरण फार जुने नाही. जगभरातील प्रोग्रामकार जेथे आपले लेखन ठेवतात अशा ‘गिटलॅब’ या संस्थेत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका कर्मचाऱ्याकडून कामाच्या धांदलीत मुख्य माहितीसाठा चुकून पुसला गेला. सुमारे ३०० गिगाबाइट माहिती होती. प्रत पाहावी म्हणून ती शोधू गेले, तर रोज निघत असावी असे सर्वांस वाटत असलेली प्रत निघतच नव्हती! माहितीसाठ्याची आवृत्ती ९.६ आणि प्रत काढणाऱ्या साधनाची आवृत्ती ९.२, त्यामुळे ते काम दर वेळी फसत होते. अपयशाची पत्रे सुटत होती, पण टपालाच्या तपासणीत ती नाकारली जात होती. कोणापर्यंत पोहोचतच नव्हती. सुदैवाने सहा तासांपूर्वी एका वेगळ्याच कामासाठी काढून ठेवलेली एक प्रत हाती लागली, म्हणून नुकसान जवळजवळ सहा तासांच्या नोंदींपुरते राहिले. संस्थेने ही सर्व हकीकत न लपविता प्रसिद्ध केली, हे तिला भूषणावह आहे. येथे दोष केवळ नळीचा होता असे आम्ही म्हणत नाही. पण रोग तोच. अपयश झाले, ते बोललेही, पण ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचले नाही, आणि मौनाचा अर्थ ‘सर्व क्षेम’ असा लावला गेला.

प्रत काढण्याच्या कामात नळी विशेष दगा देते, हेही येथेच सांगितले पाहिजे. माहिती उपसणारी एक आज्ञा आणि ती दाबून गठडी बांधणारी ‘जीझिप’ ही दुसरी, अशी साखळी सर्रास वापरतात. उपसणारी आज्ञा आरंभीच कोसळली तरी ‘जीझिप’ काही कुरकुरत नाही. ती शून्य माहितीची गठडीही व्यवस्थित बांधून देते. त्या रिकाम्या गठडीचे आकारमान वीस बाइट भरते. फाइल आहे, नाव बरोबर आहे, तारीख आजची आहे. आत मात्र काहीच नाही. संकटाच्या दिवशी ती सोडून पाहावी तेव्हा हे कळावयाचे.

येथे आम्हांस आपल्या सुरतेच्या हिरेबाजाराचे स्मरण होते. महिधरपुरा, वराछा, कतारगाम या भागांतून जे खडे बाहेर पडतात ते अनेक हातांतून गेलेले असतात. कोणी खड्यावर खुणा करतो, कोणी तो कापतो, कोणी गोल करतो, कोणी पैलू पाडतो. ही साखळीच आहे. परंतु तेथील जाणता कारखानदार शेवटच्या कारागिराच्या हातातील चकाकी पाहून समाधान मानीत नाही. कागदाच्या पुडीवर नग आणि वजन लिहिलेले असते. पुडी कारागिराकडे जाताना खडे मोजले जातात, वजन होते. परत येताना पुन्हा मोजले जातात, पुन्हा वजन होते. कच्च्या हिऱ्याचे पुष्कळदा निम्मे किंवा त्याहूनही अधिक वजन कामात जाते, हे तो जाणतो. म्हणून वजन घटले की तो आरडाओरडा करीत नाही. कोणत्या टप्प्यावर किती घट रास्त हे त्यास ठाऊक असते, आणि त्याहून अधिक घट दिसली की मात्र तो तेथल्या तेथे विचारतो. ‘पाइपस्टेटस’ वाचणे म्हणजे याहून निराळे काय आहे? १४१ हा अंक रास्त घट आहे. फाइल न सापडणे ही नव्हे. शालेय पुस्तकात एक ओळ न शिकलेला वृद्ध दलालही ज्या शहरात हे तत्त्व जाणतो, त्या शहरातील विद्यार्थ्यांना ते संगणकापुढे बसल्यावर अवघड वाटू नये.

मराठीच्या विद्यार्थ्यांपुढे तर याहून थोर उदाहरण आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. तिच्या नकला होत गेल्या. नकलेवरून नकल, तिच्यावरून आणखी नकल. प्रत्येक लेखकाने आपल्यासमोरची पोथी निष्ठेने उतरली असेल. तरी एकाची चूक दुसऱ्याच्या पोथीत शिरली आणि दुसऱ्याची तिसऱ्याच्या. शेवटच्या पोथीचे अक्षर मोत्यासारखे असले म्हणून तिच्यातील पाठ शुद्ध ठरत नाही. हे एकनाथ महाराजांनी ओळखले आणि शके १५०६ मध्ये ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली. समोरची पोथी सुरेख आहे एवढ्यावर न थांबता, मागच्या कड्यांकडे पाहण्याची ती दृष्टी होती. आमची मायबोली कोंकणी. वर्गात आम्ही मराठी शिकवितो, बाजारात गुजराती बोलतो, आणि यंत्र आमच्याशी इंग्रजीत बोलते. एखादी साधी गोष्ट या चार भाषांतून फिरून आली की तिचे काय होते, हे सुरतेतील प्रत्येक मराठी घरास ठाऊक आहे. शेवटी ऐकणाऱ्याला वाक्य पुरे वाटते. पण मूळ सांगणाऱ्याने तेच सांगितले होते का, हे त्यालाच विचारावे लागते.

यावर कोणी म्हणेल की, कोवळ्या मुलांना आरंभीच चुकांचे हे पुराण सांगितले तर त्यांचा उत्साह मावळेल. आधी काम करावयास शिकू द्या, तपासणी मागाहून शिकतील. हे मत आम्हांस मान्य नाही. ‘मागाहून’ कधी येत नाही, हा अनुभव आहे. गणिताचा शिक्षक केवळ उत्तराला पूर्ण गुण देत नाही. तो प्रत्येक पायरी पाहतो, आणि उत्तर बरोबर आले तरी मधली पायरी चुकलेली असेल तर तेथे लाल रेघ मारतो. त्यामुळे मुलांचा गणितातील उत्साह मावळला असे नाही. उलट उत्तराविषयीचा त्यांचा विश्वास साधार झाला. संगणकाच्या वर्गात मात्र पडद्यावर उत्तर दिसले की आपण ‘शाबास’ म्हणून पुढच्या मुलाकडे वळतो. हा पंक्तिप्रपंच कशासाठी?

आमच्या सूचना मोठ्या खर्चाच्या नाहीत. साखळी शिकविण्याच्या पहिल्याच दिवशी तिच्यातील एक फाइल मुद्दाम काढून घ्यावी आणि यंत्र तरीही शून्य अंक कसा देते हे मुलांना डोळ्यांनी पाहू द्यावे. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत आज्ञापत्रिका चालली याला जितके गुण, तितकेच ती नीट थांबली याला द्यावेत. आणि शाळेच्या ज्या नोंदी संगणकात आहेत त्यांची प्रत वर्षातून दोनदा तरी प्रत्यक्ष उघडून, पटावरील नावे मोजून पाहावीत. हे काम वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांच्या मदतीने शिक्षकांनी करावे. मराठीतून हा विषय शिकता येत नाही ही सबबही आता चालणार नाही. मुंबईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमात लिनक्स व बॅश यांचे पाठ आपल्या भाषेतही करून ठेवले आहेत, आणि ते विनामूल्य आहेत.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कित्येक जण उद्या कापडाच्या गिरणीत, बँकेत, रुग्णालयात, महापालिकेत बसाल आणि तुमच्या हातून अशा साखळ्या लिहिल्या जातील. तुमच्या साखळीच्या टोकाशी कोणाचा पगार असेल, कोणाच्या रक्ताच्या तपासणीचा निकाल असेल, कोणाचे रेशनकार्डावरील नाव असेल. त्या माणसाला नळी म्हणजे काय हे कधीच कळणार नाही. त्याचे नाव यादीत का नाही, हेही कळणार नाही. त्याच्या वतीने मागच्या प्रत्येक कडीला ‘तुझे काय झाले?’ असे विचारणारा तुमच्यावाचून दुसरा कोणी नाही. तो प्रश्न विचारण्यास यंत्राला एक ओळ पुरते. ती ओळ लिहिण्याची सवय मात्र शाळेतच लागली पाहिजे.